महाविद्यालयीन अध्यापक-संघांतील मिरासदार आणि उपरी

(१)

बीड जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांत तलवाडा या नांवाचें गांव आहे. त्वरितादेवीचें स्थान म्हणून तें भाविकांस ठाऊक आहे. ज्या राक्षसभुवनीं ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं निजामाच्या फौजेचा मोड होऊन त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला, तें गोदातीरचें स्थळहि याच तालुक्यांत असल्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकांसहि हा मुलूख अपरिचित नाहीं. अशा भागांत संशोधक उतरला म्हणजे तो प्रथम सनदा, महजर, निवाडपत्रें आणि पोथ्या यांची चौकशी करितो. आम्हीहि आजवर तेंच करीत आलों आहों. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र जुन्या रुमालांतला नाहीं. तो आपल्या डोळ्यांदेखत लिहिल्या जाणाऱ्या, आणि आपल्या डोळ्यांदेखतच नाहींशा होणाऱ्या, कागदांचा आहे.

हा मुलूख ता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं होता. त्या राज्यांत उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू असून १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेस होतें. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि ता. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाचा आरंभ झाला. त्यानंतरच्या काळांत जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीं महाविद्यालयें निघालीं, आणि तलवाड्यासारख्या गांवच्या पदवीधरास अध्यापक होण्याची वाट मोकळी झाली.

परंतु ही वाट पुढें दुभंगली. एका वाटेनें जाणारा पूर्णवेळ अध्यापक झाला: त्याला नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता, सेवापुस्तिका, वेतनश्रेणी आणि निर्वाहनिधि मिळाला. दुसऱ्या वाटेनें जाणारा तासिका तत्त्वावर नेमला गेला: जितके तास शिकवील तितक्या तासांचें मानधन, आणि वर्ष संपतांच नेमणूकहि संपली. दोघेहि त्याच वर्गांत, त्याच फळ्यापुढें उभे राहून, तेंच पाठ्यपुस्तक शिकवितात. तेव्हां महाविद्यालयीन अध्यापकांचा संघ जेव्हां “आम्ही अध्यापक” असें म्हणतो, तेव्हां त्या “आम्ही” मध्यें कोण कोण येतात? एवढाच प्रश्न येथें तपासावयाचा आहे.

(२)

जुन्या कागदांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस या प्रश्नाचें स्वरूप तत्काळ ध्यानांत येईल. मराठेशाहींतील गांवांत मिरासदार आणि उपरी असे कुणब्यांचे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. गांवच्या गोतांत त्याला बसण्याचा अधिकार, आणि महजरावर त्याची नांगराची निशाणी. उपरी बाहेरून आलेला. तो तीच माती नांगरी, पण मुदतीनें. वाद पडला व गोत बसलें म्हणजे साक्षीस मिरासदार उभा राही. उपऱ्याचें नांव त्या कागदांत क्वचितच आढळतें. उपरी गांवांत नव्हता असा याचा अर्थ नव्हे. गांवचा कागद ज्यांनीं लिहिला त्यांच्या मोजणींत तो नव्हता, इतकाच अर्थ.

ही उपमा आम्ही एका मर्यादेंतच वापरीत आहों. पूर्णवेळ अध्यापकाचें पद वंशपरंपरेनें चालत नाहीं. तें पात्रता व निवड यांवर मिळतें. पण प्रतिनिधित्वाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे: जो मोजला गेला त्याच्याच वतीनें बोललें जातें.

(३)

महाराष्ट्रांतील महाविद्यालयांत हंगामी अध्यापक ही कांहीं अलीकडची गोष्ट नाहीं. पेशव्यांच्या श्रावणमासांतील दक्षिणेचा जो निधि कंपनी सरकारनें पुढें चालविला, त्यांतील कांहीं भाग पुढें मुंबई व पुणें येथील महाविद्यालयांतून “दक्षिणा फेलो” नेमण्याकडे लावण्यांत आला. हे फेलो स्वतः शिकत आणि खालच्या वर्गांस शिकवीत. न्या. रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेहि असे फेलो होते. पुढें भांडारकर एल्फिन्स्टन महाविद्यालयांत संस्कृताचे हंगामी अध्यापक झाले. कांहीं वर्षें त्यांनीं तें काम उत्तम प्रकारें केलें. पण कायम जागा भरावयाची वेळ आली तेव्हां १८७३ सालीं ती विलायतेहून आलेल्या पीटरसनसाहेबांस मिळाली आणि भांडारकरांस दुय्यम पदावर राहावें लागलें. ज्या दोन पंडितांच्या हस्तलिखित-शोधाच्या अहवालांवांचून आपल्यापैकीं कोणाचेंहि चालत नाहीं, त्यांचीच ही हकीकत आहे. भांडारकरांची बाजू मांडील असा अध्यापकांचा संघ त्या काळीं नव्हता. त्यांच्या विद्वत्तेनेंच काय तो त्यांचा कैवार घेतला, आणि डेक्कन कॉलेजांतील प्राध्यापकपद त्यांस पुढें मिळालें. पण प्रत्येक हंगामी अध्यापक भांडारकर नसतो, आणि व्यवस्था सामान्यांसाठींच करावयाची असते.

दुसरें उदाहरण ता. २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें. येथें आजीव सभासद हेच अध्यापक व हेच चालक. अल्प वेतनावर संस्थेस आयुष्य वाहण्याची प्रतिज्ञा करून ते आपला कारभार आपण चालवीत. त्यांच्यांत जो प्रसिद्ध कलह माजला, त्याच्या मुळाशीं इतर मतभेदांबरोबर “पूर्णवेळ म्हणजे काय?” हाहि प्रश्न होता. आजीव सभासदाचा सर्व वेळ संस्थेचा, बाहेरचीं कामें पत्करूं नयेत, हा टिळकांचा आग्रह; नेमून दिलेलें काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा, ही प्रतिपक्षाची बाजू. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद स्वीकारल्यावर हा वाद विकोपास गेला, आणि डिसेंबर १८९० मध्यें टिळकांनीं राजीनामा दिला. या वादांत दोन्ही पक्ष आजीव सभासदांचेच होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. त्याच संस्थेंत पगारावर काम करणारे जे इतर शिक्षक होते, त्यांस आजीव सभासदांच्या मंडळांत मत नव्हतें. अध्यापकांनीं अध्यापकांसाठीं चालविलेल्या संस्थेंतहि आंतले व बाहेरचे हा भेद पहिल्यापासून होता.

(४)

संघ स्थापण्याची कल्पना आपल्याकडे कामगार-चळवळींतून आली. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन मुंबईस १९२० सालीं भरलें व १९२६ सालीं कामगार-संघांचा कायदा झाला. मराठवाड्याच्या दृष्टीनें येथें एक लक्षणीय गोष्ट सांगण्याजोगी आहे. कामगार-पुढारी ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून ज्यांनीं कांहीं काळ काम केलें, ते व्यंकटेश खेडगीकर पुढें हिप्परगें येथें व नंतर बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या शाळेंत शिक्षक झाले. तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ होत. संघटनेची विद्या शिक्षकांच्या हातीं या जिल्ह्यांत अशी फार पूर्वींच येऊन पोंचली होती.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या संघांचा अखिल भारतीय महासंघ १९६२ सालीं स्थापन झाला. महाराष्ट्रांत विद्यापीठवार संघ निघाले: मुंबईस बुक्टू, पुण्यास पुक्टो, कोल्हापुरास सुटा, विदर्भांत नुटा, मराठवाड्यांत बामुक्टो, नांदेडच्या विद्यापीठाच्या क्षेत्रांत स्वामुक्टा, आणि विद्यापीठवार संघांना राज्यपातळीवर एकत्र आणणारा एम्‌फुक्टो हा महासंघ. हीं आद्याक्षरांचीं नांवें कानास चमत्कारिक वाटलीं, तरी पुढच्या काळाच्या इतिहासकारास तीं देशक, गोत, पागा या शब्दांइतकींच ओळखावीं लागतील.

कायद्याच्या दृष्टीनें अध्यापक कोण, हा घोळ बराच काळ चालला. १९६३ सालीं दिल्ली विद्यापीठाच्या मोटारचालकांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें विद्यापीठ हा “उद्योग” नव्हे असें ठरविलें. १९७८ सालीं बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणांत तें मत फिरून शिक्षणसंस्था उद्योगाच्या व्याख्येंत आली. पण १९८८ सालीं गोव्यांतील एका शिक्षिकेच्या दाव्यांत त्याच न्यायालयानें निकाल दिला कीं, शाळा उद्योग असला तरी शिक्षक हा औद्योगिक कलह कायद्याच्या अर्थानें “कामगार” नव्हे. याचा परिणाम असा झाला कीं अध्यापकास गिरणी-कामगाराच्या मार्गानें दाद मागतां येईना. त्याची खरी आशा विद्यापीठाचा कायदा, त्याखालील न्यायाधिकरण, आणि शासनाशीं वाटाघाट करणारा संघ यांवर राहिली. म्हणून विद्यापीठाच्या कायद्यांत “अध्यापक” या शब्दाचा अर्थ काय केला आहे, याला एवढें महत्त्व आलें.

(५)

तो अर्थ दोन शब्दांत सांठवलेला आहे: “पूर्णवेळ” आणि “मान्यताप्राप्त”. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४, यांत अध्यापकाची व्याख्या याच विशेषणांनीं सुरू होते, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६, यानेंहि तीच पद्धत चालू ठेविली. अध्यापकांच्या वतीनें अधिसभेवर कोणी निवडून यावें, मतदारयादींत कोणाचें नांव असावें, हें सर्व या व्याख्येवरून ठरतें. तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्षानुवर्षें शिकवीत असला, तरी या यादींत तो अध्यापक नव्हे.

याच्या शेजारीं दुसरा एक कायदा ठेवून पाहावा. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानें विधानपरिषदेचा एक-द्वादशांश भाग शिक्षकांनीं निवडावा असें सांगितलें. आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें त्या मतदारसंघासाठीं मागील सहा वर्षांत एकूण तीन वर्षें शिकविण्याच्या कामीं गुंतलेला असणें ही अट घातली. या कलमाचा भर शिकविण्याच्या कामावर आहे, तर विद्यापीठाच्या व्याख्येचा भर पदावर आहे. एक कायदा विचारतो, “शिकविलें किती?” दुसरा विचारतो, “जागा कोणती?” अध्यापक-संघ हे बहुतांशीं विद्यापीठाच्या निवडणुकींभोंवतीं वाढले, त्यामुळें त्यांच्या सभासदत्वाची रूढिहि दुसऱ्या प्रश्नाच्या वळणावर गेली, यांत नवल नाहीं.

संघांवर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं ही व्याख्या संघांनीं केलेली नाहीं. रिक्त जागा भराव्यात ही मागणी त्यांनीं वारंवार केली आहे. नुटाचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले प्रा. बी. टी. देशमुख १९८० ते २०१० पर्यंत अमरावती पदवीधर मतदारसंघाचे विधानपरिषदेंतील सभासद होते. सेवाशर्तींचे प्रश्न कागदोपत्रीं, नियमांच्या आधारें मांडण्याची शिस्त त्यांनीं घालून दिली. नुटाचें बुलेटिन हें या विषयाचें एक मोठें साधन आहे, आणि ज्यांच्या संग्रहीं त्याचे जुने अंक असतील त्यांनीं ते रद्दींत जाऊं देऊं नयेत.

(६)

संघाची शक्ति व मर्यादा या दोन्ही एकाच प्रसंगांत पाहावयाच्या असतील तर २०१३ सालचें आंदोलन पाहावें. विद्यापीठ अनुदान आयोगानें ता. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांन्वयें नेट अथवा सेट ही परीक्षा अध्यापकपदास आवश्यक केली. त्यानंतर ता. ३ एप्रिल २००० पर्यंत ही परीक्षा न देतां ज्यांच्या नेमणुका झाल्या, ते हजारों अध्यापक पूर्णवेळ असूनहि अर्धवट स्थितींत राहिले: काम कायमचें, पण बढती व इतर लाभ बंद. हा प्रश्न आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी या मागण्यांसाठीं एम्‌फुक्टोनें ता. ४ फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. तो ता. १० मे रोजीं मागें घेण्यांत आला. पुढें ता. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयानें या अध्यापकांच्या सेवा नियमित करण्यांत आल्या. मागील सेवा धरावी कीं नाहीं यावर मात्र न्यायालयांत वाद चालत राहिले.

या प्रकरणांत आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं संघानें अर्धवट स्थितींतील लोकांसाठीं सर्वांची शक्ति पणास लावली. ज्यांना नेट-सेटचा प्रश्न मुळींच नव्हता असे अध्यापकहि बहिष्कारांत उतरले व त्यांनीं पगाराचा धोका पत्करला. हें कारण असें कीं ते अर्धवट स्थितींतील अध्यापक संघाचे सभासद होते, वर्गणी भरीत होते, त्यांचीं नांवें यादींत होतीं. दुसरी गोष्ट ही कीं सर्व निर्णय एका तारखेवर टेकला होता: नेमणूक ३ एप्रिल २००० च्या आंतली कीं बाहेरची. ज्याच्यापाशीं त्या तारखेचा आदेश होता तो तरला. आपण महजरांत जें पाहत आलों, तेंच हें.

तासिका-अध्यापकाच्या बाबतींत या दोन्ही गोष्टी उलट आहेत. तो यादींत नाहीं. आणि त्याच्या कागदाची तारीख दरवर्षीं नवी. त्याच्यासाठीं संघानें काय मागावें, हाहि प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. तासाचा दर वाढवा व नेमणूक सलग धरा, असें म्हटलें तर ताशी नेमणुकीची पद्धतच पक्की होते व कायम जागा रिकाम्या ठेवण्यास शासनास निमित्त मिळतें, अशी पूर्णवेळ अध्यापकांस भीति. उलट फक्त जागा भरा, एवढेंच म्हटलें तर ती जागा खुल्या निवडीनें भरली जाणार. दहा वर्षें तेथेंच शिकविणाऱ्यास ती मिळेलच असें नाहीं, ही तासिका-अध्यापकाची भीति. दोन्ही भीति खऱ्या आहेत. शिवाय बहिष्काराच्या काळांत पूर्णवेळ अध्यापकाचा पगार अडतो, तर तासिका-अध्यापकाचें पुढल्या वर्षींचें बोलावणेंच अडतें; म्हणून त्यानें बहिष्कारांत यावें असें म्हणणें सोपें, आणि येणें अवघड.

आयोगाचे नियम या बाबतींत अगदींच मुके नाहींत. २०१० च्या व पुन्हां २०१८ च्या नियमांत कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असूं नये असें सांगितलें आहे; अतिथि-अध्यापकांसाठीं आयोगानें जानेवारी २०१९ मध्यें दर व्याख्यानास १,५०० रुपये व महिन्यास अधिकांत अधिक ५०,००० रुपये असा दर सुचविला. परंतु नियम आहे म्हणून तो अमलांत येत नाहीं. तो अमलांत आणावा म्हणून बसणारें कोणी लागतें. नेट-सेट व पीएच्.डी. झालेल्या तरुणांनीं आपल्या वेगळ्या संघर्ष समित्या काढल्या, त्या याच कारणानें. जेथें गोतांत जागा नाहीं तेथें दुसरें गोत बसतें.

(७)

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठांत १९६८ च्या सुमारास कायम अध्यापकांचा एक संघ, आणि व्याख्याते व अंशवेळ अध्यापक यांचा दुसरा संघ, असे दोन वेगळे प्रतिनिधि होते. ते १९७२ सालीं एक झाले, व दोन्ही वर्गांच्या वतीनें एकच करार होऊं लागला. याहून चमत्कारिक प्रकार १९८० सालच्या येशिवा विद्यापीठाच्या निकालांत घडला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, या खासगी विद्यापीठाचे पूर्णवेळ अध्यापक नेमणुका, अभ्यासक्रम इत्यादि कारभारांत इतका भाग घेतात कीं ते चालकांतच मोडतात. सबब त्यांस कामगार-कायद्याखालीं संघाचा हक्क नाहीं. हा निकाल वाचतांना डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. कारभारांत ज्यांस वांटा नव्हता त्या अंशवेळ अध्यापकांस मात्र हा निकाल आड आला नाहीं. म्हणजे आपल्या विद्यापीठ-कायद्यांत जो पूर्णवेळ असल्यामुळें आंत आला, तोच तेथें पूर्णवेळ असल्यामुळें बाहेर राहिला. यावरून निष्पन्न होतें तें हें कीं, पूर्णवेळ व अंशवेळ यांतील भेद अध्यापनाच्या स्वरूपांतून निघालेला नसून व्याख्या लिहिणाऱ्या लेखणींतून निघालेला आहे. आणि लेखणीनें केलेलें लेखणीनें बदलतां येतें.

(८)

आतां संग्राहकांस दोन शब्द. पूर्णवेळ अध्यापकाच्या सेवेचा माग चार ठिकाणीं लागतो: संस्थेचें दप्तर, विद्यापीठाचें मान्यतापत्र, सहसंचालकांचें कार्यालय, आणि संघाची सभासद-यादी. तासिका-अध्यापकाचा माग बहुधा त्याच्या स्वतःच्या पिशवींतच राहतो: वर्षाच्या आरंभींचा आदेश, तासांची नोंद, मानधनाचें देयक, क्वचित् प्राचार्यांचा अनुभवाचा दाखला. हे कागद दिसण्यांत क्षुद्र आहेत. त्यांवर मोर्तब नाहीं, शिक्का नाहीं, कागदहि हलका. परंतु त्यांचें वाचन जुन्या कागदाप्रमाणेंच करावें. आदेशांत “अध्यापक” म्हटलें आहे कीं “तासिका तत्त्वावरील अध्यापक”. नेमणुकीचा शेवट कोणत्या तारखेस. दोन आदेशांच्या मध्यें किती दिवसांचा खंड. देयकांतील तास व प्रत्यक्ष वेळापत्रकांतील तास यांत मेळ आहे कीं नाहीं. मानधन मंजूर झाल्याची तारीख आणि काम केल्याची तारीख यांत किती अंतर. त्याबरोबरच संघांचीं निवेदनें, ठराव, वर्गणीच्या पावत्या व निवडणुकीच्या मतदारयाद्या जुळवून ठेवाव्यात; म्हणजे कोणाच्या वतीनें कोण बोललें हें पुढें ताडून पाहतां येईल.

अध्यापक-संघांसहि आमची एक सूचना आहे, आणि ती संशोधकाच्या नात्यानेंच आहे. मत कोणास द्यावें हें ठरेल तेव्हां ठरो. निदान प्रत्येक विद्यापीठाच्या क्षेत्रांत दरवर्षीं तासिका-अध्यापकांची एक नामवार नोंद संघांनीं ठेवावी. नांव, विषय, महाविद्यालय, नेमणुकीच्या तारखा, तास. उद्यां मागील सेवा धरण्याचा प्रश्न निघाला, जसा तो २०१३ नंतर दुसऱ्या वर्गाच्या बाबतींत निघाला, तर हीच नोंद पुराव्यास येईल. आणि न निघाला, तरी इतक्या लोकांनीं इतकीं वर्षें मराठवाड्याच्या मुलांस शिकविलें, एवढें तरी कागदावर राहील.

तलवाड्यास वा आसपासच्या कोणत्याहि गांवीं आपल्यापैकीं कोणी हस्तलिखितांच्या शोधार्थ गेल्यास त्यानें जुना रुमाल सोडतांना त्या घरांत कोणी महाविद्यालयांत तासावर शिकवितो काय, हेंहि विचारावें, आणि त्याच्या कागदांची एक प्रत करून घ्यावी. दोनशें वर्षांपूर्वींच्या उपऱ्याचें नांव आपल्यास सांपडत नाहीं याबद्दल आपण जुन्या लेखकांस दोष देतों. आजचें नांव हरवलें तर तो दोष आपला असेल.